मॉडेल रेल्वेच्या गावात दिवे लावताना: पहिल्यांदाच वायरिंग करणाऱ्यांसाठी

रूळ टाकून झाले, गाडी न अडखळता फेऱ्या मारू लागली, एक फलाट आणि दोन-चार घरं उभी राहिली, की पुढची इच्छा ठरलेली असते. खोलीतला दिवा बंद करायचा आणि स्टेशन उजळलेलं बघायचं. काम वाटतं तितकं अवघड नाही. विजेचं सगळं गणित दहावीच्या ओहमच्या नियमात बसतं. नवखे लोक अडकतात ते दोन ठिकाणी. दिवे फार प्रखर लावतात, आणि वायरी अशा जोडतात की नंतर एक घर उचलायचं तर अर्धं गाव उचकटावं लागतं. पुढचा सगळा लेख या दोन गोष्टी टाळण्यासाठी आहे.

उदाहरणासाठी एक छोटा लेआउट धरू. एचओ प्रमाण, म्हणजे १:८७. सहा बाय चार फुटांचं प्लायवूड, एक स्टेशन, फलाटावर सहा दिवे, चार घरं आणि एक रंगीत सिग्नल. तुमचं एन प्रमाण (१:१६०) असेल तरी वायरिंग हेच राहतं, फक्त खांब छोटे होतात आणि चिमटा जास्त बारीक लागतो.

काय काय आणायचं

वीजपुरवठा: १२ व्होल्ट डीसी, १ अँपिअरचा सीलबंद अडॅप्टर. जुन्या वायफाय राउटरचा घरात पडून असेल तर चालेल, फक्त लेबलवर ‘आउटपुट १२ व्होल्ट डीसी’ लिहिलंय का ते बघा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात. अडॅप्टर उघडू नका आणि त्याची वायर कापूही नका. त्याची पिन बसेल असा स्क्रूवाला सॉकेट सुटा मिळतो, तो वापरा. २३० व्होल्टचं सगळं त्या काळ्या डबीतच राहू द्या. टेबलाखाली १२ व्होल्टच्या वर काहीही येता कामा नये.

दिवे: एलईडी. पूर्वी या छंदात गव्हाच्या दाण्याएवढे आणि तांदळाच्या दाण्याएवढे तारेचे बल्ब वापरायचे, आणि परदेशी बनावटीच्या जुन्या खांबांत ते अजूनही सापडतात. उजेड सुंदर, पण १२ व्होल्टचा असा एक बल्ब ५० मिलिअँपिअरच्या आसपास खातो आणि तापतो. प्लास्टिकच्या छपराला चिकटून राहिला तर छप्पर वाकतं. एलईडीला १ ते ५ मिलिअँपिअर पुरतात. घरांसाठी ३ मिमीचे साधे, लांब पायांचे एलईडी घ्या. खांबांसाठी ०८०५ किंवा ०६०३ मापाचे एसएमडी, म्हणजे तारेचे पाय नसलेले चपटे, एलईडी लागतात. ०८०५ म्हणजे साधारण २ बाय सव्वा मिमी, ०६०३ त्याहून लहान. पहिल्या खेपेला ०८०५ घ्या. ०६०३ शिंकेनं उडतो आणि मग तो शोधत बसायचं नसतं, दुसरा घ्यायचा असतो.

रेझिस्टर (प्रवाह मर्यादित ठेवणारा भाग): पाव वॉटचे, १ के (म्हणजे १००० ओहम), २.२ के, ४.७ के आणि १० के, प्रत्येकी मूठभर. किंमत अगदीच किरकोळ असते.

याशिवाय २५ वॉटची किंवा तापमान बदलता येणारी सोल्डरिंग आयर्न, बारीक सोल्डर, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट), मल्टिमीटर, हीट श्रिंक ट्यूब (जोडावर चढवून तापवली की आकसणारी नळी), दोन पिनांचे रिलीमेट (काढता-घालता येणारे) कनेक्टर, ५०० मिलिअँपिअरचा काचेचा फ्यूज आणि त्याचा होल्डर. वायरी तीन प्रकारच्या घ्या: मुख्य लाइनसाठी लाल आणि काळी १ चौरस मिमीची घरगुती वायर, फाट्यांसाठी बारीक लवचीक वायर, आणि खांबातून ओवायला ०.१ मिमीची एनॅमलची तांब्याची तार.

पुण्यात हे सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात एका फेरीत मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. खांब आणि घरं मात्र छंदाच्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवावी लागतात. पुण्यात असाल तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियमही बघून घ्या. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथले खांब आणि सिग्नल जवळून बघितले की आपल्याला नेमकं काय हवंय ते चित्रांपेक्षा लवकर कळतं.

आधी रंग ठरवा

परदेशी मार्गदर्शकांत सरसकट सल्ला असतो की घरांत पिवळसर, ‘वॉर्म व्हाइट’च लावा. युरोपातल्या गावाला ते शोभतं. आपल्याकडच्या १९८०-९० च्या घरात मात्र ट्यूबलाइट असायची, आणि ती थंड पांढरी. म्हणजे देशी स्टेशन बनवत असाल तर तीन रंग लागतील: स्टेशन मास्तरच्या खोलीत आणि फलाटाच्या शेडखाली थंड पांढरा, क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आणि चहाच्या टपरीवर बल्बचा पिवळा, यार्डात सोडियमच्या दिव्याचा नारिंगी. हे तीन रंग शेजारी शेजारी आले की गाव खरं वाटायला लागतं. आजचं स्टेशन बनवत असाल तर काम सोपं, बाहेर सगळीकडे पांढराच.

योग्य रंगाचा एलईडी मिळाला नाही तर पांढऱ्यावर काचेवर रंगवायचा पारदर्शक पिवळा किंवा नारिंगी रंग एका थेंबानं लावा. स्टेशनरीच्या दुकानात छोट्या बाटल्या मिळतात. सोडियमसाठी पिवळ्यात किंचित नारिंगी मिसळा.

रेझिस्टरचं गणित

एलईडीला थेट १२ व्होल्ट दिले तर तो क्षणात जळतो. मध्ये रेझिस्टर हवाच. पांढरा एलईडी स्वतःसाठी साधारण ३ व्होल्ट घेतो, लाल आणि पिवळा साधारण २. उरलेले व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. पांढऱ्यासाठी १२ मधून ३ गेले, उरले ९. प्रवाह ५ मिलिअँपिअर हवा असेल तर ९ भागिले ०.००५, म्हणजे १८०० ओहम.

हे झालं पुस्तकी गणित. दिव्यांच्या बाबतीत आकड्यापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा. अंधाऱ्या खोलीत ५ मिलिअँपिअरचा आजचा एलईडी एचओच्या घरात क्रिकेटच्या मैदानावरच्या फ्लडलाइटसारखा दिसतो. म्हणून सुरुवात या आकड्यांनी करा: फलाटाच्या दिव्याला ४.७ के (साधारण २ मिलिअँपिअर), घराच्या आत १० के (१ मिलिअँपिअरहून किंचित कमी). तेही जास्त वाटलं तर दोन रेझिस्टर एकामागे एक जोडून वाढवा. १ के शक्यतो दिवे तपासण्यापुरताच ठेवा.

प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या. चार एलईडी समांतर जोडून चौघांत मिळून एकच लावण्याचा मोह होतो. पण एकाच पाकिटातले एलईडीसुद्धा व्होल्टेजला तंतोतंत सारखे नसतात. त्यातला एक जास्त प्रवाह ओढतो आणि बाकीचे मिणमिणतात.

आता सगळ्यात कामाची गोष्ट: रेझिस्टर दिव्याजवळ लावू नका. तो प्लसच्या वायरवर, टेबलाखाली, मुख्य लाइनला जोडतो तिथेच लावा. याचे दोन फायदे. पुढे उजेड कमी-जास्त करायचा झाला तर घराला हात न लावता खालून रेझिस्टर बदलता येतो. आणि खांबातली केसासारखी तार कुठे सोलवटून शॉर्ट झालीच, तर ४.७ के मधून फार तर अडीच मिलिअँपिअर वाहतील. तार तापणार नाही, खांब वितळणार नाही, फ्यूजही उडणार नाही. फक्त तो एक दिवा विझेल.

रुळांची वीज दिव्यांना देऊ नका

कंट्रोलरचे दोन स्क्रू समोर दिसत असताना वेगळा अडॅप्टर कशाला, असं वाटणं साहजिक आहे. साध्या डीसी लेआउटवर रुळांतला व्होल्टेज गाडीच्या वेगाबरोबर बदलतो. गाडी फलाटावर थांबली की गावातली वीज गेली. आपल्याकडे ते अगदीच अवास्तव म्हणता येणार नाही, पण रोज नको. शिवाय गाडी उलटी चालवली की प्लस-मायनस उलटतात आणि एलईडी पेटतच नाहीत. डीसीसी (रुळांतून डिजिटल संकेत पाठवून गाड्या चालवायची पद्धत) असेल तरीही दिवे वेगळ्याच पुरवठ्यावर ठेवा, म्हणजे दिव्यांच्या शॉर्टनं गाड्या थांबणार नाहीत.

मुख्य लाइन टाका

प्लायवूडच्या खालच्या बाजूनं, लेआउटच्या लांबीभर, लाल आणि काळी वायर चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवून समांतर ओढा. दर फुटावर क्लिपनं बसवा. अडॅप्टरच्या सॉकेटमधून निघालेला लाल आधी फ्यूजमध्ये, मग एका स्विचमध्ये, मग लाइनला. काळा थेट. लाल म्हणजे प्लस, काळा म्हणजे मायनस, हा नेम शेवटपर्यंत मोडू नका. लाल संपली म्हणून पिवळी वापरली, की महिन्याभरानं टेबलाखाली टॉर्च धरून आपणच आपल्याला शिव्या घालतो.

एवढ्याशा प्रवाहाला १ चौरस मिमीची वायर खरं तर गरजेपेक्षा कितीतरी जाड आहे. वीस एलईडी २ मिलिअँपिअरनं पेटले तरी एकूण ४० मिलिअँपिअर. जाडी घ्यायची ती मजबुतीसाठी: तिला मधेच सोलून फाटा सोल्डर करता येतो आणि ती ओढाताणीत तुटत नाही.

लाइनवर दर फूट-दीड फुटावर एक सेंटिमीटर सोलून तिथे फाटा जोडा आणि फाट्याच्या टोकाला रिलीमेटची एक बाजू बसवा. दुसरी बाजू घराच्या किंवा खांबाच्या वायरीला. रिलीमेट एकाच दिशेनं बसतो, त्यामुळे घाईत प्लस-मायनस उलटे होत नाहीत. घर दुरुस्तीला काढायचं तर कनेक्टर सोडला की घर हातात. मात्र त्याखालचं भोक कनेक्टरचं टोक पार होईल एवढं पाडा, नुसत्या वायरीपुरतं नाही.

एलईडीला तार जोडणं

पहिल्यांदा सगळे इथेच घाबरतात. एका टाइलच्या तुकड्यावर दुहेरी चिकटपट्टी लावा आणि एसएमडी एलईडी त्यावर उलटा दाबून ठेवा, म्हणजे तो हलणार नाही. दोन्ही टोकांना फ्लक्सचा ठिपका, मग आयर्नच्या टोकावर अगदी थोडं सोल्डर घेऊन एक सेकंद टेकवा. झालं कल्हई चढवून. आता तारेच्या टोकालाही तसंच करा, आणि मग दोन्ही एकत्र धरून आयर्न फक्त टेकवा. जोडताना नवं सोल्डर लागत नाही. शिशाचं साधं ६३/३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, आयर्न ३२० ते ३५० वर ठेवा. दोन सेकंदांत जमलं नाही तर थांबा, थंड होऊ द्या, पुन्हा फ्लक्स लावा. जोर लावून काही होत नाही. खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर हात धुऊन मगच जेवायला बसा.

एनॅमलची तार वरकरणी उघडी तांब्याची दिसते, पण तिच्यावर वार्निशसारखा थर असतो आणि तो काढल्याशिवाय जोड लागत नाही. छंदासाठी मिळणाऱ्या बहुतेक तारांचा थर आयर्नवरच्या सोल्डरच्या गरम थेंबातून टोक फिरवलं की जळतो. मोटर वाइंडिंगच्या दुकानातून आणलेल्या तारेचा बऱ्याचदा जळत नाही. तो बारीक पॉलिश पेपरनं किंवा ब्लेडनं हलकेच खरवडावा लागतो. ०.१ मिमीची तार मीटरला दोन ओहमच्या आसपास रोध देते. एलईडीच्या प्रवाहाला ते जाणवतही नाही, तेव्हा बारीक तारेची भीती नको.

जोडण्याआधी आणि जोडल्यावर, दोन्ही वेळा दिवा तपासा. ९ व्होल्टच्या बॅटरीला क्लिप लावून लाल वायरवर १ के रेझिस्टर सोल्डर केला की तपासायचं साधन तयार. मल्टिमीटरच्या डायोड स्थितीवर लाल एलईडी पेटतो, पण पांढऱ्याला पुरेल एवढा व्होल्टेज काही मीटर देत नाहीत. मग चांगला एलईडी मेलेला समजून फेकला जातो. लांब पायांच्या एलईडीत लांब पाय प्लस. एसएमडीवर खालच्या बाजूला खूण असते, पण ती सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. खुणेवर विसंबू नका, पेटवून बघा आणि मायनसच्या तारेला गाठ मारून ठेवा.

खांब

मोजमाप आधी. ६ मीटरचा रस्त्यावरचा खांब एचओमध्ये ६९ मिमी होतो, फलाटावरचा साडेचार मीटरचा सुमारे ५२ मिमी. विकतचे कित्येक खांब याहून उंच असतात आणि मग डब्यांच्या छपरावर उजेड पडतो.

स्वतः बनवायचा असेल तर १ ते दीड मिमी बाहेरच्या मापाची पितळी नळी घ्या. नळीचं टोक कापल्यावर धार घासून काढा, नाहीतर तीच धार तारेचं एनॅमल सोलते आणि शॉर्ट होतो. नळीचाच मायनस म्हणून उपयोग करून एकच तार ओवायची युक्ती जुनी आहे. दोन तारा मावत नसतील तर करा. दिव्याच्या वर कागदाची किंवा पातळ पत्र्याची टोपी हवीच, नाहीतर उजेड खाली पडण्याऐवजी थेट डोळ्यांत येतो.

सहाही खांब एका फाट्यावर घ्यायला हरकत नाही, पण रेझिस्टर सहा. छोटीशी व्हेरो बोर्डाची (तांब्याच्या पट्ट्या आणि भोकं असलेल्या सर्किट बोर्डाची) पट्टी फलाटाखाली स्क्रूनं बसवून सगळे तिच्यावर लावले की काम सुटसुटीत होतं.

घरं

इथे विजेपेक्षा पुठ्ठा आणि रंग जास्त लागतो. प्लास्टिकच्या किंवा कार्डाच्या भिंतीमागे दिवा लावला की अख्खं घर कंदिलासारखं उजळतं. भिंती आतून आधी काळ्या रंगवा, तो वाळला की वरून पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा आतल्या आत पसरवतो. कोपऱ्यांच्या आणि छपराच्या फटी आतून काळ्या कागदाच्या पट्टीनं बुजवा. छप्पर चिकटवू नका, नुसतं बसवा.

मग खोल्या पाडा. घराच्या आत पुठ्ठ्याच्या उभ्या-आडव्या पडद्या घालून दोन किंवा तीन कप्पे करा आणि एकाच कप्प्यात दिवा लावा. सगळ्या खिडक्या उजळलेलं घर लग्नघर वाटतं. एलईडी छताला, खिडकीकडे तोंड न करता बसवा, म्हणजे भिंतीवरून परतलेला उजेड दिसेल, दिवा दिसणार नाही. खिडकीला आतून बटर पेपर. एखाद्या खिडकीला पडद्याचा रंगीत कागद लावला तर अजूनच छान.

चार घरांपैकी एक पूर्ण अंधारात ठेवा. रेझिस्टरची निवड या टप्प्यावर करा: खोली अंधारी करून, १० के पासून सुरू करून, लेआउटपासून चार फूट मागे उभं राहून. जवळून मंद वाटणारा दिवा तिथून बरोबर दिसतो.

सिग्नल

आपल्या चार संकेतांच्या रंगीत सिग्नलमध्ये वरून खाली पिवळा, हिरवा, पिवळा, लाल असे दिवे असतात. एकच पिवळा दाखवायचा तेव्हा खालचा पेटतो, दुहेरीच्या वेळी दोन्ही. परदेशी बनावटीचे सिग्नल घेताना हा क्रम बघून घ्या, कारण तिकडचे क्रम वेगळे असतात.

चारही एलईडींचे मायनस एकत्र करा. प्लस चार स्थितींच्या रोटरी स्विचवर न्या: लाल, पिवळा, दुहेरी पिवळा, हिरवा. प्रत्येक दिव्याचा रेझिस्टर स्विच आणि दिवा यांच्या मध्ये. ‘दुहेरी’च्या स्थितीवरून वरचा पिवळा पेटेल. खालचाही पेटावा म्हणून त्या स्थितीपासून ‘पिवळा’च्या स्थितीकडे १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) टाका, त्यावरच्या पट्टीची बाजू ‘पिवळा’कडे. डायोडऐवजी साधी वायर टाकली तर पिवळ्याच्या स्थितीतही दोन्ही पेटतील.

हिरवा एलईडी डोळ्याला फार तेज दिसतो. त्याला १० के, लाल आणि पिवळ्याला २.२ के पासून सुरू करा आणि तिन्ही रंग सारखे दिसेपर्यंत बदलत राहा. विकतच्या काही सिग्नलमध्ये एकत्र केलेली वायर प्लसची असते. तेव्हा सगळं उलट करायचं, डायोडसुद्धा.

डब्यांतले दिवे आत्ताच नकोत. त्यासाठी चाकांतून वीज उचलणं, ब्रिज रेक्टिफायर, कपॅसिटर असं वेगळंच प्रकरण आहे. गाव आधी नीट पेटू द्या.

दिवा पेटला नाही तर

एकच दिवा गेला असेल तर त्याचा कनेक्टर सोडून ९ व्होल्टच्या तपासणीवर घ्या. पेटला तर चूक टेबलाखालच्या रेझिस्टरमध्ये किंवा फाट्याच्या जोडात. नाही पेटला तर खांबात. सोल्डरचा जोड मळकट, दाणेदार दिसत असेल तर पुन्हा फ्लक्स लावून तापवा. निम्म्या वेळा दोष तिथेच असतो.

एका फाट्यावरचे सगळे गेले तर तो फाटा लाइनला जिथे जोडलाय तिथे मल्टिमीटरनं व्होल्टेज बघा. सगळंच बंद असेल तर आधी फ्यूज. फ्यूज उडाला असेल तर नवा घालण्याआधी अडॅप्टर काढा, सगळे रिलीमेट सोडा आणि लाल-काळ्यामध्ये मल्टिमीटरचा बझर वाजतो का ते तपासा. वाजला तर दोष मुख्य लाइनमध्येच. नाही वाजला तर नवा फ्यूज घालून वीज द्या आणि एकेक फाटा जोडत जा. ज्याच्याबरोबर पुन्हा उडेल तो दोषी. असा फाटा सापडला की त्याच्या रेझिस्टरच्या अलीकडे बघा, पलीकडच्या शॉर्टनं फ्यूज उडत नाही.

सगळे दिवे एकदम कमी-जास्त करण्यासाठी १२ व्होल्टचा तयार डिमर मिळतो, तो फ्यूजनंतर बसवा. फक्त अशा डिमरवर व्हिडिओ काढताना मोबाइलमध्ये पट्टे किंवा लुकलुक दिसू शकते, तेव्हा चित्रीकरणाआधी तो पूर्ण उघडा. आणि कोणत्या फाट्यावर काय आहे, कुठे कोणता रेझिस्टर लावला, हे कागदावर लिहून प्लायवूडच्या खालच्या बाजूला चिकटवून टाका.